जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट: पैसे तुमचेच, पण हप्त्याने
मांजरीतल्या कॅफेत बसलं की शेजारच्या टेबलावर हमखास जर्मनीचा विषय निघतो. "सरकारी विद्यापीठात फी नाही, मग ११,९०४ युरो कशाला?" तर ऐका. हे पैसे कॉलेजला जात नाहीत. व्हिसासाठी ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरायचे. तिकडे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो तुम्हालाच मिळतात. खोलीचं भाडं, विमा, किराणा, कॉफी, भटकंती, सगळं त्यातच. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्याच महिन्यात काम मिळेल असं धरू नका. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो फी आहेच. आई-बाबांनी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हा हिशोब त्यांच्यासोबत बसून मांडा.