घाईचं काम की मोलाचं?

मुदत जवळ आली की साधं कामही मोठं वाटायला लागतं आणि कामांची यादी तिथेच फसते. मेंग झू आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये मांडलेल्या प्रयोगांत लोकांनी जास्त मोबदल्याचं काम बाजूला ठेवून कमी मोबदल्याचं, पण मुदत लवकर संपणारं काम उचललं. स्वतःला फार व्यस्त समजणाऱ्यांत ही ओढ जास्त (म्हणजे आपण सगळेच!). निवड करतानाच मोबदल्याकडे लक्ष वेधलं, तेव्हा मात्र ती कमी झाली. साहेबांनीच ‘आत्ता हवं’ म्हटलं तर? खरी मुदत पाळावीच लागते. पण व्हॉट्सॲपवर टिणटिणणारं प्रत्येक ‘अर्जंट’ म्हणजे मुदत नव्हे. उद्याच्या यादीत कामापुढे तारीख टाकण्याआधी त्यातून काय हाती लागणार, ते लिहून बघा.