खारेपाटण बंदर

खारेपाटण हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात शुक नदीच्या काठी वसलेले गाव असून मध्ययुगात ते दक्षिण कोकणातील एक महत्त्वाचे नदीबंदर होते. ही नदी पुढे वाघोटणची खाडी या नावाने ओळखली जाते आणि विजयदुर्ग किल्ल्याजवळ अरबी समुद्रास मिळते. खाडीच्या मुखापासून खारेपाटण जलमार्गाने सुमारे ४० कि.मी. आत आहे. गावाच्या नावातील 'पाटण' हा शब्द संस्कृत 'पट्टण' या शब्दापासून आला असून त्याचा एक अर्थ बंदराचे शहर असा आहे. गाळाने नदीपात्र उथळ झाल्यामुळे येथील मालवाहतूक प्रथम खाडीच्या खालच्या भागात सरकली आणि पुढे बंद पडली.

== स्थानाचे महत्त्व ==

समुद्रापासून इतक्या आत बंदर कशासाठी, असा प्रश्न नकाशा पाहणाऱ्यास पडतो. कोकणात जलमार्गाची वाहतूक बैलांच्या तांड्यांपेक्षा पुष्कळच स्वस्त पडे. त्यामुळे माल होडीतून सह्याद्रीच्या पायथ्याकडे जितका जवळ नेता येईल तितका न्यावा आणि मगच तो बैलांच्या पाठीवर लादावा, हे व्यापाऱ्यांच्या हिताचे होते. भरतीचे पाणी जेथवर पोहोचते तेथेच म्हणून कोकणातील जुन्या बाजारपेठा वसल्या. महाड, चिपळूण आणि राजापूर ही त्याच प्रकारची गावे होत. खारेपाटणहून बावडा घाटाने कोल्हापूरकडे जाता येई. किनाऱ्यावरचे मीठ व सुकी मासळी घाटावर चढे, तर घाटावरचे धान्य आणि गूळ खाली उतरे.

== ताम्रपटांतील उल्लेख ==

खारेपाटण येथे सापडलेले शिलाहारांचे दोन ताम्रपट या बंदराच्या इतिहासाची मुख्य साधने आहेत. पहिला दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचा, शके ९३० (इ.स. १००८) मधील आहे. तो प्रथम 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रसिद्ध केला. त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले हे याच परिसरातले, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. या ताम्रपटात रट्टराजाची वंशावळ आली आहे आणि अव्वेश्वर मंदिरासाठी मत्तमयूर परंपरेतील शैव आचार्य आत्रेय यांना दिलेले दान नोंदले आहे. दानात गावांबरोबरच जहाजांवरील कराचाही समावेश आहे. द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने आणि कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण सोने घ्यावे, मात्र चेमुल्य (चौल) व चंद्रपूर (गोव्यातील चांदोर) येथील जहाजे त्यातून वगळावीत, असे त्यात म्हटले आहे. मंदिराचा नित्य खर्च जहाजांच्या येण्यावर सोपवला गेला, यावरून ती किती नियमाने येत असतील याची कल्पना येते.

दुसरा ताम्रपट उत्तर कोकणचा शिलाहार राजा अनंतदेव याचा, शके १०१६ (इ.स. १०९४) मधील आहे. त्यात बलिपट्टणच्या दुर्गश्रेष्ठीचा पुत्र भाभणश्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणामश्रेष्ठी यांना ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केली आहे. बलिपट्टण म्हणजेच खारेपाटण, असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु याविषयी एकमत नाही.

== नौका आणि भरती-ओहोटी ==

खाडीतील वाहतूक मचवा, पडाव आणि होडी यांनी चाले. गलबत हे त्याहून मोठे. ते खुल्या समुद्रातून मुंबई, गोवा आणि मलबारपर्यंत जाई. मचव्याची नाळ निमुळती असल्याने तो समुद्रात व खाडीतही चालतो. पडाव रुंद असून ओझे वाहण्यास सोयीचा. नौकेवरील प्रमुखास तांडेल म्हणतात, त्याच्या हाताखालील माणसांस खलाशी. कोकण किनाऱ्यावर हा व्यवसाय मुख्यतः गाबीत, खारवी, भंडारी आणि दालदी या समाजांकडे होता.

खाडीतील प्रवासाचे वेळापत्रक चंद्रावर अवलंबून असे. भरती सुमारे सहा तास चढते आणि दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. त्यामुळे आज पहाटे निघालेली होडी आठवड्याने सकाळी उशिरा निघे. तांडेल भरतीच्या सुरुवातीस नांगर उचली. वारा असेल तर शीड, नसेल तर वल्ही, आणि उथळ पाण्यात लांब बांबूने तळाशी रेटा देत नौका वर नेली जाई. एका भरतीत गाव गाठता आले नाही, तर नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहावी लागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी पुष्कळ चढे, तर अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगात, ते कमी चढे. जड माल उधाणातच न्यावा लागे. पावसाळ्यात समुद्र बंद झाल्यावर नौका काठावर ओढून झापांनी शाकारल्या जात. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा हंगाम सुरू होई.

== ऱ्हास ==

सह्याद्रीच्या उतारांवरून पावसाळ्यात वाहून येणारी माती नदीचा वेग मंदावताच तळाशी बसते. भरतीचे पाणी नदीच्या प्रवाहास अडवते ती जागा खारेपाटणच्याच आसपास आहे. ज्या भरतीने गाव बंदर केले, तिनेच गाळ तेथे साठू दिला. पात्र उथळ होत गेले तशी मोठी गलबते खालीच थांबू लागली आणि खोल पाणी असलेले वाघोटण पुढे आले. खारेपाटणच्या टेकडीवरील छोट्या किल्ल्याचे तट व बुरूज पाडून ते दगड १८५० मध्ये वाघोटणच्या धक्क्यासाठी नेण्यात आले. एका बंदराने दुसऱ्यास आपले दगडही दिले, असेच म्हणावे लागेल. मुंबई-गोवा रस्ता झाल्यावर उरलीसुरली वाहतूकही पाण्यावरून उतरली.

== अवशेष आणि सद्यःस्थिती ==

गॅझेटियरमध्ये गावात बारा-तेरा मशिदींच्या जागा असल्याची नोंद आहे. गावात जैन मंदिर असून त्यातील काळ्या पाषाणाची मूर्ती १८४० च्या सुमारास नदीच्या पात्रात सापडली. राष्ट्रीय महामार्ग ६६ गावावरून जातो आणि कोकण रेल्वेवर खारेपाटण रोड हे स्थानक आहे. खाडीत आता मासेमारीच्या लहान होड्या दिसतात. अतिवृष्टीत शुक नदीस पूर येतो, तेव्हा बाजारपेठेत पाणी शिरते आणि व्यापाऱ्यांना दुकानांतील माल उंचावर हलवावा लागतो.