एक चाक हवेत

रेसिंगची कार्ट अर्धवर्तुळाकार वळण घेते, तेव्हा तिच्या मागच्या दोन चाकांपैकी बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे पावणेचार मीटर जास्त धावते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच. कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर, म्हणजे साधारण 1.2 मीटरवर, ठरतो. मोटारीत हा हिशेब डिफरन्शियल सांभाळतो आणि दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. कार्टला डिफरन्शियलच नसतो. मागची दोन्ही चाके एकाच पोलादी अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली; एक जितके फिरेल तितकेच दुसरे फिरणार. मग ही गाडी वळते तरी कशी?

वळताना ती आतले मागचे चाक जमिनीवरून उचलते!

ही किमया स्टिअरिंगपासून सुरू होते. पुढची चाके ज्या खिळीवर फिरतात ती मुद्दाम तिरकी बसवलेली असते. त्यामुळे स्टिअरिंग वळवले की आतले पुढचे चाक खाली दाबले जाते आणि बाहेरचे वर सरकते. उंचसखल जमिनीवर ठेवलेल्या बाजेचा एक पाय अधांतरी राहतो, तसे आतले मागचे चाक सुटते. वेगामुळे बाहेर झुकणारा भार त्याला आणखी मोकळे करतो. कार्टला सस्पेन्शनही नसते. जेमतेम 30 मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्यांची चॅसी स्वतःच पिळवटते आणि वळण संपताच सरळ होऊन चाक पुन्हा रस्त्यावर टेकवते. सांगाडा हीच तिची स्प्रिंग.

1956मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसिंग गाड्या बांधणाऱ्या कारागिराने लू बोरेली या मित्राच्या मदतीने नळ्यांच्या सांगाड्याला एक छोटे टू-स्ट्रोक इंजिन जोडले. पहिली कार्ट म्हणतात ती हीच. तिथून आठ वर्षांत, 1964मध्ये, या खेळाची जागतिक स्पर्धाही सुरू झाली.

आज कार्टचे प्रकार अनेक, आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. भाड्याने मिळणारी कार्ट वजनदार. तिला फोर-स्ट्रोक इंजिन किंवा विजेची मोटर आणि चहूबाजूंनी बंपर असतात. स्पर्धेतली 125 सीसीची एकगियरी कार्ट मात्र मिनिटाला 15,000 फेऱ्यांपर्यंत किंचाळत जाते. तिला गियर बदलून सावरण्याची सोय नाही. वळणात वेग गमावला तर तो पुढच्या सरळ पट्ट्यावर हळूहळूच परत मिळतो, म्हणून तिचा चालक गोलाईदार, न तुटणारी रेषा शोधतो. सहा गियरच्या कार्टला पुढच्या चाकांनाही ब्रेक असतात. तिथे उशिरा ब्रेक मारायचा, झटकन वळायचे आणि गियर टाकत सुटायचे. 250 सीसीची सुपरकार्ट तर मोटारींच्या मोठ्या सर्किटवर ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जाते.

ट्रॅक बदलला की गाडीची जुळणीही बदलते. अमेरिकेतल्या मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर फक्त डावीकडेच वळायचे असते, म्हणून तिथल्या कार्टची चॅसी मुळातच असमान बांधतात आणि चालकाला डावीकडे बसवतात. डांबरी ट्रॅकवर शर्यत रंगते तसा टायरचा रबर रस्त्याला चिकटत जातो आणि पकड वाढते. पकड अति झाली की चाक नको तितके उचलले जाते आणि कार्ट उड्या मारू लागते. पावसात याच्या उलट: पकडच नाही, तर चाक उचलणार कसे? मग मेकॅनिक पुढची चाके एकमेकांपासून लांब सरकवतात, मागची जवळ आणतात आणि खिळीचा तिरकेपणा वाढवतात.

मोठ्या शर्यतींचे अनेक चालक कार्टिंगमधूनच घडतात. आयर्टन सेन्नाने 1979 आणि 1980मध्ये कार्टिंगच्या जागतिक स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. पुढे फॉर्म्युला वनची तीन विजेतेपदे त्याच्या नावावर लागली. मुंबईचा जेहान दारुवालाही कार्टिंगमधूनच फॉर्म्युला टूच्या विजयापर्यंत पोहोचला. याचे कारण कार्टच्या रचनेतच आहे. तिच्यात चालक जमिनीपासून काही बोटांवर बसतो. मध्ये स्प्रिंग नाही, गादी नाही, त्यामुळे भार कुठल्या चाकावरून कुठे गेला हे त्याला थेट पाठीच्या कण्यातून कळते. पुढे हजार अश्वशक्तीची गाडी हाती आली तरी हे कळणेच कामी येते.

पुढच्या वेळी ट्रॅकच्या कठड्याशी उभे राहाल तेव्हा पुढे कोण आहे ते क्षणभर विसरा आणि वळणावर आतल्या मागच्या चाकाकडे पाहा. ते किती उचलले गेले आणि किती लवकर टेकले, यावरून कोणाची जुळणी आणि कोणाचे हात सरस आहेत, ते तुम्हाला ओळखता येऊ लागेल.