दमसासाचं वय

अंबरनाथहून लोकल पकडून सीएसएमटीला जायचं म्हणजे सुमारे साठ किलोमीटर. आता हेच अंतर सायकलने कापायचं, सीएसएमटीला पाय न टेकवता मागे वळायचं आणि जवळपास मुलुंडपर्यंत परत यायचं. झाले नव्वद. मुलुंडला सायकल ठेवून पळत सुटायचं, ते ठाकुर्ली मागे पडेपर्यंत. झाले आणखी एकवीस. आणि या सगळ्याच्या आधी, पहाटे निघतानाच, अंबरनाथ ते उल्हासनगर या दोन स्थानकांत जेवढं अंतर आहे, साधारण तेवढं पोहायचं. एवढं करूनही घर दहा किलोमीटर लांबच.

गोव्यात मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९मध्ये पहिल्यांदा झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यतीचं मोजमाप हेच आहे. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं, आणि हे सारं साडेआठ तासांत. तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज ७०.३ होते, म्हणून हे नाव. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते आणि तिला सतरा तास मिळतात.

अंबरनाथच्या बुवापाड्यातले पंचेचाळिशीचे दोन शाळूसोबती डोळ्यांसमोर आणू. एकाचं पोट सुटलेलं, दुसऱ्याचा गुडघा कुरकुरणारा. टपरीवर चहा घेताना एक म्हणतो, ‘अरे, करू या का आपण हे?’ दुसरा म्हणतो, ‘आधी वय बघ आपलं.’ ही जोडी कल्पनेतली असली तरी दुसऱ्याची शंका खरी आहे आणि शरीरशास्त्राने तिचा बराच माग काढलेला आहे.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. दमसास मोजायची ही सर्वांत भरवशाची पट्टी. तीन आठवड्यांच्या झोपेने ती क्षमता धाडकन खाली आली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा प्रयोगशाळेत आले. आता ते पन्नाशीचे होते, वजनं वाढली होती. मोजमाप निघालं ते विचारात पाडणारं होतं. तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता खाल्ली होती, त्याहून जास्त विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने खाल्ली होती. मग या पन्नाशीतल्या पाचजणांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा चालण्या-पळण्याचा आणि सायकलचा व्यायाम दिला. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता १९६६च्या, म्हणजे स्वतःच्या विशीतल्या मूळ पातळीवर परत आली.

यातली खरी मेख पुढे आहे. हृदय काही पुन्हा तरुण झालं नव्हतं. सुधारणा झाली ती स्नायूंत. रक्तातून येणारा ऑक्सिजन ते आधीपेक्षा जास्त ओढून घेऊ लागले. केशवाहिन्यांचं जाळं दाट होणं, पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढणं, ही असल्या व्यायामाची कमाई असते आणि ती पंचेचाळिशीतही मिळते.

वय काहीच नेत नाही असं मात्र नाही. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके कमी होतात. २०८मधून वयाच्या सात दशांश वजा करा, असं एक सूत्र आहे. त्यानुसार पंचविशीत मिनिटाला साधारण १९० ठोके पडू शकत असतील, तर पंचेचाळिशीत १७६. स्नायूंतले जलद तंतू आधी झिजतात, संथ तंतू बराच काळ टिकून राहतात. म्हणून सुटणारी लोकल पळत जाऊन पकडणं चाळिशीनंतर अवघड होतं, पण दिवसभराची गड-वाट चालून जाणं जमतं. वय आधी वेग नेतं, दमसास नंतर. सात-आठ तास चालणारी शर्यत नेमकी संथ तंतूंच्या जोरावर चालते. अभिनेता मिलिंद सोमण यांनी २०१५मध्ये झुरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पार केली, तेव्हा ते ४९ वर्षांचे होते.

मग अडतं कुठे? पहिली अडचण इंधनाची. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण दोन हजार कॅलरी देते. सत्तर किलोच्या माणसाला धावताना किलोमीटरमागे ढोबळमानाने सत्तर कॅलरी लागतात, म्हणजे नुसत्या धावण्याला दीड हजार. पोहणं आणि सायकल धरून एकूण हिशेब चार हजारांच्या आसपास जातो. निम्मी टाकी रिकामीच! त्याच वेळी अंगावरच्या पंधरा किलो चरबीत लाखावर कॅलरी पडून असतात. पण चरबी जळते सावकाश. जोर जेवढा वाढवाल, तेवढं शरीर चरबी सोडून साखरेवर तुटून पडतं. साखर संपली की पाय आपले राहत नाहीत. फेब्रुवारी १९८२मध्ये हवाईच्या आयर्नमॅनमध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी महिलांमध्ये आघाडीवर होती. व्यायामशास्त्राच्या प्रबंधासाठी म्हणून ती शर्यतीत उतरली होती. शेवटची रेषा समोर दिसत असताना ती कोसळली आणि अखेर रांगत रेषेवर पोहोचली. तोवर दुसरी तिच्या पुढे निघून गेली होती.

उपाय दोन. एक, रेटा असा ठेवायचा की चरबीलाही जळायला वेळ मिळेल. दोन, चालता चालता खायचं. यातही आतड्याची मर्यादा आहे. ग्लुकोज रक्तात नेणारी वाट तासाला साधारण साठ ग्रॅमच वाहू शकते. फ्रुक्टोजची वाट मात्र वेगळी असते. दोन्ही एकदम वापरल्या तर तासाला नव्वद ग्रॅमपर्यंत साखर आत जाते. आपली नेहमीची साखर आणि गूळ हे मुख्यतः याच दोहोंच्या जोडीने बनलेले आहेत. खिशातली गुळाची चिक्की म्हणजे मागासलेला खाऊ नव्हे. शेंगदाण्याचं तेल तेवढं पचायला वेळ घेतं, म्हणून पळताना लिमलेटच्या गोळ्या किंवा साखरमिठाचं पाणी बरं. मात्र पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच काही खाऊन बघणं म्हणजे संकटाला आवतण.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि अंबरनाथ-बदलापूरकरांना ती शिकवायला नको. स्नायू मोटारीच्या इंजिनासारखेच उधळे असतात. शंभरातल्या वीस-पंचवीस कॅलरीच कामी येतात, बाकीची उष्णता होते. ती बाहेर पडली नाही, तर सत्तर किलोच्या माणसाचं तापमान सायकल चालवताना साधारण दर आठ मिनिटांना एक अंशाने चढेल. शरीराला वाचवतो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण ‘वाळला तर’! कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम फुकट जातो. सोय एवढीच की रोज तास-दीड तास उन्हात व्यायाम केला तर दहा-चौदा दिवसांत शरीर जुळवून घेतं. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. पाणीही बेतानेच प्यायला हवं. कमी पिणं वाईट, पण भीतीपोटी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पहिलीवहिली आयर्नमॅन हवाईतच १८ फेब्रुवारी १९७८ रोजी झाली. पंधराजण उतरले, बाराजणांनी पूर्ण केली. त्यात दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याच्या हातात बिअर दिली होती! तेव्हापासून या खेळाचं शास्त्र बरंच पुढे आलं आहे.

आता आपल्या दुसऱ्या मित्राकडे वळू, गुडघा कुरकुरणाऱ्या. त्याचा उपयोग काय?

१८९८मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या. एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यांपेक्षा सोबत कुणी असलेले सायकलस्वार वेगवान ठरत होते. सोबतीमुळे कामगिरी कशी बदलते, याचा हा सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक. पुढे ऑक्सफर्डमध्ये बारा नौकापटूंना वल्हवण्याच्या यंत्रांवर कधी एकेकट्याने, कधी एकत्र बसवलं. प्रत्येक वेळी नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून ते कळ किती सोसतात हे पाहिलं. मेहनत सारखीच असताना एकत्र वल्हवल्यावर कळ सोसण्याची ताकद जास्त वाढली होती. मेंदूत वेदनाशामक एंडॉर्फिन जास्त स्रवल्याची ती खूण, असं संशोधकांनी मानलं. वारीत एका तालात पावलं टाकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरा उपयोग आणखी साधा आहे. मित्र म्हणजे फुकटातला मोजमापाचा मीटर. पहाटे बदलापूरच्या पुढे कर्जतच्या रस्त्याला सायकली लावल्या आणि गप्पा सुरू राहिल्या, पूर्ण वाक्यं बोलता आली, तर चरबी जळते आहे असं समजा. वाक्यं तुटून ‘हं’, ‘हो’वर आली की साखर जळते आहे. सरावाचा मोठा भाग गप्पा मारता येतील अशाच चालीने करायचा असतो. एकटा माणूस हौसेने दामटतो आणि महिन्याभरात पोटरी धरून बसतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्या महिने घेतात. बोलका मित्र त्या बिचाऱ्यांना वेळ मिळवून देतो.

शर्यतीत मात्र एक मदत त्याला करता येत नाही. सायकलमागे सायकल चालवली तर ताशी ३२ किलोमीटरला मागच्याची ऑक्सिजनची गरज सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. म्हणून नियम सांगतो, दोघांत बारा मीटर अंतर ठेवा. वारा ज्याचा त्याने कापायचा.

राहिलं पाणी. अंबरनाथला समुद्र नाही, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो. त्यामुळे इथे ताकदीपेक्षा अंग आडवं, सरळ ठेवण्याचं तंत्र कामी येतं. पंचवीस मीटरच्या तरण तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या, आणि त्या तलावातच पूर्ण करायला हव्यात. उल्हास नदी किंवा बारवी धरणाचं पाणी ही सरावाची जागा नाही. वर दिसतं शांत, खाली ओढ आणि गाळ.

पोहण्याचा टप्पा सर्वांत छोटा, पण सर्वांत जोखमीचा. १९८५ ते २०१६ या काळात अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १३५ घटना, त्यांतल्या ९० पोहताना. बळींमध्ये ८५ टक्के पुरुष, सरासरी वय ४७च्या आसपास. ज्यांचं शवविच्छेदन झालं, त्यांतल्या ४४ टक्क्यांच्या हृदयात आधीपासून दोष होता. प्रमाण लाखात दोनाहूनही कमी असलं, तरी वय नेमकं आपल्या बुवापाड्याच्या जोडीचंच आहे.

पन्नाशीच्या पाचजणांना विशी परत मिळाली, ती सहा महिन्यांच्या सबुरीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून शर्यतीचा अर्ज भरण्याआधी दोघांनीही डॉक्टरांना दाखवून ते सांगतील त्या हृदयाच्या तपासण्या करून घ्याव्यात, रक्तदाब आणि साखर बघून घ्यावी. शर्यतीसाठी निदान वर्ष हाताशी धरावं. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप आली, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा. आणि पाण्यात कधीही एकट्याने उतरू नये. मित्राची खरी गरज तिथे आहे.