पडवीतली परदेशी वेल

दिवाळीच्या आवराआवरीत हल्ली भिंतींबरोबर कुंड्यांनाही गेरू लागतो. मुंबईतला फ्लॅट असो की आमच्या मालवणकडचे चिऱ्याचे घर, कोपऱ्यात एखादी हिरवी वेल असतेच. तिला सरसकट ‘मनी प्लांट’ म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यांतल्या कित्येक वेली असतात फिलोडेंड्रॉन. ओळखायची खूण सोपी आहे. फिलोडेंड्रॉनचे कोवळे पान पातळ वेष्टनात गुंडाळून बाहेर येते आणि पान उलगडले की ते वेष्टन वाळून गळते. मनी प्लांटचे नवे पान आधीच्या पानाच्या देठातूनच डोकावते.

नाव जिभेला जड, पण अर्थाला गोड. 1829 साली ऑस्ट्रियातले वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख शॉट यांनी ग्रीक शब्द जोडून ते केले. अर्थ, वृक्षावर प्रेम करणारी. मी पडलो मराठीचा प्राध्यापक; मला लगेच शाकुंतलातली, आंब्याला वरणारी वनज्योत्स्ना वेल आठवते. या वेलीची सारी निगा तिच्या नावातच सांगितली आहे.

तिचे माहेर मध्य व दक्षिण अमेरिकेतली दमट राने. तिथे ती हवेतल्या मुळांनी बुंध्याला धरून चढते. ऊन मिळते ते वरच्या पानांतून गाळून. पाऊस उदंड, पण मुळांशी पाणी साचत नाही. आमच्याकडच्या पोफळीवर चढलेली मिरवेल ज्याने पाहिली आहे, त्याला हे निराळे सांगायला नको. कूळ मात्र वेगळे. ही अळू-सुरणाच्या गोतातली.

तेव्हा जागा हवी पडवीसारखी. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड असावा, पण दुपारचे ऊन अंगावर येऊ नये. उन्हाने पान करपते. अंधारात दोन पानांतले अंतर लांबते आणि पाने लहान होत जातात. काठीला सुंभ घट्ट गुंडाळून कुंडीत रोवावी व सुंभ ओलसर ठेवावा. मुळांनी त्यात ठाव धरला की पाने मोठी येऊ लागतात. मातीत शेणखत आणि काथ्याचा भुसा मिसळावा. भुशात खार असतो, म्हणून तो आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवावा. किनाऱ्यावरच्या काही विहिरी वैशाखात मचूळ होतात. ते पाणी घातले की पानांच्या कडा तपकिरी पडतात.

खरा घोळ होतो तो पाण्याचा. आमच्या आईचा नेम असा, की तुळशीला घालून तांब्यात उरलेले पाणी या कुंडीत ओतायचे. पावसाळ्यातल्या दमट हवेतही तो चुकला नाही आणि पाने पिवळी पडू लागली. शकुंतला झाडांना पाणी घातल्यावाचून स्वतः पीत नसे हे खरे. पण तिची झाडे आश्रमाच्या भूमीत होती, आमची वेल नऊ इंची कुंडीत! तरी आईला ‘पाणी घालू नकोस’ म्हणणे सोपे नव्हते. पुण्याला नोकरीला जाताना नातीने ती कुंडी आजीच्या स्वाधीन केली होती. शेवटी आम्ही आईला काम बदलून दिले. दर रविवारी ओल्या फडक्याने पाने पुसायची, आणि रोज बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहायचे. कोरडे लागले तरच पाणी. आता ती वेलीची नाडी पाहते आणि नातीला फोनवर प्रकृती कळवते.

एक गोष्ट मात्र रांगत्या मुलांच्या घरी विसरू नये. अळूच्या देठाने खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या वेलीतही असतात. अळवाला आपण चिंच-कोकमाने वठणीवर आणतो; हिला तसे पातेल्यात घालायचे नाही. मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजते. तोंडातले तुकडे काढून तोंड धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. त्यापेक्षा कुंडी उंचावर ठेवलेली बरी, मांजरापासूनही.

वेल वाढली की एका पेरासकट कांडे कापून पाण्यात ठेवावे. काही आठवड्यांत मुळे फुटतात. पाणी मात्र दर तीन-चार दिवसांनी बदलावे, नाहीतर बाटलीत डासांचे बाळंतपण होते! आमच्या कुंडीतली अशी चार कांडी यंदा गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या पिशव्यांतून मुंबईला गेली. एक आईने पुण्यासाठी राखून ठेवले आहे.