पंप खोलण्याआधी टाकीत बघा!



गळीत हंगामात भरलेली गाडी वाटेत बंद पडली, की नुकसान एकट्या गाडीमालकाचे होत नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरही उतरते. तिकडे फडात टोळी गाडीची वाट बघत बसते. कायमची बंद पडलेली गाडी एकवेळ परवडली. पण चालता चालता गुदमरून बंद पडायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू व्हायची, ही खोड माणसाला वेड लावते. कारण मिस्त्रीच्या दारात ती शहाण्यासारखी चालते!

अशाच एका गाडीची ही हकीकत. आपल्या गटातील एका सभासदाची जुनी टाटा, इनलाइन डिझेल पंपाची. हंगामात ऊस ओढते, उन्हाळ्यात मिळेल ते भाडे करते. गेल्या उन्हाळ्यात ती गूळ घेऊन मीरा रोडला निघाली, तेव्हा प्रस्तुत लेखक गाडीत होता. निघण्याआधीच दोन्ही डिझेल फिल्टर नवे घातले होते, पंपाचे कॅलिब्रेशन आणि नोझलचे काम झाले होते. बिल पाच आकडी. तरी पनवेलजवळ ती एकदा बंद पडलीच, आणि ठाण्यापुढे घोडबंदर रस्त्याला गायमुखच्या चढावर पुन्हा. मागे गाड्यांची रांग, भोंग्यांचा कल्लोळ, आणि आम्ही चाकाखाली दगड लावीत उभे. (गाडी निघाल्यावर ते दगड रस्त्यातून उचलावेत. बरेच जण तसेच टाकून जातात आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर पडतो.)

काशिमिऱ्याला हायवेच्या कडेला एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी पान्हा हातात घेतलाच नाही. आधी विचारले, “शेठ, झटकन बंद पडते की गुदमरत?” गुदमरत. “धूर?” धूर नाही. “चढावर जास्त?” होय. “थांबलं की आपोआप चालू होते?” होय.

या चार प्रश्नांत निम्मे निदान आहे. किल्ली फिरवल्यासारखी झटकन बंद पडली, आणि गाडीला विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड असेल, तर आधी त्याची वायर व फ्यूज बघावा. काळा धूर ओकत दम टाकते, तर हवेचा फिल्टर तुंबला असण्याचा संभव जास्त. धूरच नाही आणि ताकद ओसरत जाते, म्हणजे डिझेल पोचत नाही. मग प्रश्न उरतो, ते अडते कुठे?

मिस्त्रींनी टाकीचे झाकण सैल केले. झाकणातले हवेचे बारीक छिद्र चिखलाने बुजले असेल तर टाकीत पोकळी तयार होते, डिझेल ओढले जात नाही, आणि झाकण उघडताच फुस्स आवाज येतो. आवाज आला नाही. पण झाकण नवेकोरे होते, ते त्यांनी नीट पाहून ठेवले.

मग त्यांनी केले ते ध्यानात ठेवण्यासारखे. दहा लिटरचा स्वच्छ डबा डिझेलने भरून केबिनमागे उंच, सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधला. त्याची नळी थेट फीड पंपाला जोडली, परतीची नळीही त्याच डब्यात सोडली. हातपंप मारून एअर काढली आणि भरल्या गाडीनिशी गायमुखच्या चढापर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही अडखळली नाही. म्हणजे पंप, फिल्टर, नोझल सगळे निर्दोष. दोष टाकी ते फीड पंप एवढ्या हातभर अंतरात!

टाकी उतरवली. तळाशी गंजाचा गाळ, आणि त्यात खताच्या पोत्याचा एक तुकडा. इंजिनने जोर धरला की हा तुकडा ओढीने सक्शन पाइपच्या तोंडाला चिकटायचा. इंजिन बंद पडले की ओढ संपून खाली पडायचा. म्हणून पंधरा मिनिटांनी वाट मोकळी! आमच्या सभासदाने कपाळावर हात मारला. हंगामात झाकण हरवले तेव्हा ड्रायव्हरने टाकीच्या तोंडात पोत्याची चिंधी कोंबली होती. नवे झाकण आले, पण चिंधीचा तुकडा आत राहिला.

तुकडा सापडला नसता, तर मिस्त्री पुढे सक्शन पाइपकडे वळणार होते. तिथे बारीक चीर असेल किंवा जोडावरचा तांब्याचा वायसर जुनाच बसवला असेल, तर गाडी एअर धरते. गंमत अशी की, या बाजूने डिझेल बाहेर गळतेच असे नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून बाहेरून सगळे कोरडे दिसते. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे पळताना दिसतात. जोड खोलला की वायसर नवा घालावा, काही रुपयांचे काम आहे.

टाकीतल्या गंजाचे म्हणाल, तर तो आपणच पोसतो. हंगाम संपला की गाडी निम्म्या टाकीने महिनोन् महिने उभी राहते. रिकाम्या भागात ओलावा धरतो, पाणी तळाशी उतरते. फार दिवस उभी करायची तर टाकी भरून करावी, आणि मोळी टाकण्याआधी तळाचा बूच खोलून पाणी व गाळ काढावा. जवळ बिडी पेटवू नये, हे सांगायला नको.

मिस्त्रींनी टाकी डिझेलने विसळली, पाइपच्या तोंडाला नवी जाळी बसवली. गूळ संध्याकाळी उतरला. परतताना गायमुखचा चढ आला, तसे आम्ही तिघेही गप्प झालो. गाडी वर चढली, आणि पनवेलपर्यंत कुणी दगडाची आठवण काढली नाही.