तार किती ओझे पेलते?

बैलगाडीत किती पोती घालायची, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. आस किती भक्कम, बैल कसे, चढ किती, हे बघून आपण ठरवतो. विजेच्या तारेवरही असेच ओझे पडते. पण ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशोब करावा लागतो. गुणाकार-भागाकार येत असला की झाले.

मुंबईला वीज कुठून आली ते आधी पाहू, म्हणजे पुढचे सोपे जाईल. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला डोंगरावर तलाव बांधले. तिथले पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडले. दीड हजार फुटांहून जास्त उंचीवरून आलेले ते पाणी चाकांवर आदळते, चाके गरगर फिरतात आणि वीज तयार होते. १९१५ साली ही वीज मुंबईला पोचली आणि कापडाच्या गिरण्या तिच्यावर चालू लागल्या. परळ-लालबागच्या त्या गिरण्या आता बंद झाल्या. खोपोलीचे पाणी मात्र अजून पडते आहे.

त्या चाकाला जोर कशाने मिळतो? पाणी किती उंचावरून येते आणि किती येते, ह्या दोन्ही गोष्टींनी. विजेचेही तसेच. तिला मागून ढकलणारा जो दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून वाहतो तो प्रवाह, तो अँपिअरमध्ये मोजतात. दाबाला प्रवाहाने गुणले की विजेची शक्ती मिळते. तिचे माप वॅट.

आता तिसरी गोष्ट. नळ बारीक असला की पाणी कमी येते. तसेच तारही विजेला अडवते. ह्या अडवण्याला रोध म्हणतात. ओहम नावाचे एक जर्मन शिक्षक होते. त्यांनी १८२७ साली ह्याचा नियम मांडला, म्हणून रोधाच्या मापालाही ओहमच म्हणतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध निघतो.

समजा, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची एक खोली आहे. तुमच्या गावचे कुणी तिथे राहतही असेल. घरातला दाब २३० व्होल्ट. इस्त्री लावली, ती ३ अँपिअर प्रवाह घेते. २३० गुणिले ३, म्हणजे ६९० वॅट झाली तिची शक्ती. आणि २३० भागिले ३, म्हणजे सुमारे ७७ ओहम झाला तिचा रोध.

तीच इस्त्री गावी नेली. संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला. रोध जवळपास तोच राहतो. १८० भागिले ७७, म्हणजे प्रवाह झाला सुमारे २.३ अँपिअर. शक्ती राहिली सव्वाचारशे वॅटच्या आसपास. इस्त्री तापायला वेळ का लागतो, ते कळलं ना? (पंखा, पंप ह्यांत मोटर असते. तिथे हा हिशोब थोडा चुकतो. इस्त्री, शेगडी, पाणी तापवायचा रॉड ह्यांना तो बरोबर लागू पडतो.)

पुन्हा चाळीत येऊ. सकाळची घाई आहे. एकाने बादलीत रॉड सोडला. त्यावर १५०० वॅट लिहिलेले आहे. १५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. दुसऱ्याने कामावर जायचा सदरा इस्त्रीला घेतला. त्याचे ३. मिळून साडेनऊ अँपिअर झाले. आणि खोलीतली जुनी तार आहे फक्त ५ अँपिअरची! ती २३० गुणिले ५, म्हणजे ११५० वॅट पेलते. प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला.

“मग तारही दुप्पट तापेल, त्यात काय एवढं?” असे कुणी म्हणेल. पण तसे होत नाही. उष्णता काढताना प्रवाहाला प्रवाहानेच गुणायचे आणि मग रोधाने गुणायचे. म्हणून प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

सैल जोड तर फारच वाईट. समजा, दोन तारा नुसत्या पिळून जोडल्या आहेत आणि तिथे अर्धा ओहम रोध आहे. प्रवाह १० अँपिअर. १० गुणिले १० गुणिले अर्धा, म्हणजे ५० वॅट. पूर्वीच्या ४० वॅटच्या काचेच्या दिव्याला हात लावला तरी चटका बसे. इथे ५० वॅट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडते. पुष्कळ जुन्या चाळींत जिने, तुळया, कठडे लाकडाचे आहेत. रात्री माणसे झोपलेली असतात आणि खाली उतरायला जिना तेवढा एकच.

म्हणूनच फ्यूज असतो. त्यातली बारीक तार प्रवाह फार वाढला की स्वतः वितळते आणि भिंतीतली तार वाचवते. फ्यूज सारखा उडतो म्हणून काही शहाणे त्यात जाड तांब्याची तार गुंडाळतात. मग फ्यूज उडत नाही, पण भिंतीतली तार तापत राहते. आता चिनी मातीच्या फ्यूजऐवजी खटका आपोआप पडणारे एम.सी.बी. येतात. तो पडला की पुन्हा पुन्हा वर सारण्याआधी खोलीत काय काय चालू आहे त्याची बेरीज करावी.

रॉडसाठी १६ अँपिअरचे मोठ्या भोकांचे सॉकेट मिळते. त्याचा हिशोब ३६८० वॅटचा. पण त्याला मीटरपासून वेगळी जाड तार ओढावी लागते, आणि ते काम परवाना असलेल्या वायरमनचे. नुसते सॉकेट मोठे बसवले आणि मागची तार तीच ठेवली, तर ती तार आधीसारखी ५ अँपिअरचीच राहते.